हंस क्रमांक तीनचे बूच

१ जुलै, सोमवार. सकाळी सहा.

आजपासून रोजनिशी. मागील रोजनिशी फेब्रुवारीत बंद पडली, कारण शाई. या वेळी दौत आधीच आणून ठेवली आहे.

काल सायंकाळी पुण्याहून चि. बसवेश्वराचा दूरध्वनी आला. त्याचे म्हणणे असे, की मी निवृत्त होऊन कितीतरी वर्षे लोटली, माजलगावात आम्हा उभयतांवाचून कोणाचेही अडलेले नाही, तेव्हा आम्ही घर बंद करून त्याच्या सदनिकेत राहावयास यावे. "अप्पा, तुम्ही तिथं दिवसभर करता काय?" असे त्याने विचारले. प्रश्नाची वाक्यरचना निर्दोष होती; त्यामुळे उत्तर देणे अधिकच कठीण गेले.

मी म्हणालो, दसऱ्याला ये, म्हणजे मी काय करतो ते दिसेल. न दिसल्यास मुकाट्याने तुझ्या गाडीत बसेन. हे वाक्य रागात उच्चारले गेले. परंतु उच्चारलेले वाक्य मी मागे घेत नाही.

गतवर्षी पुण्यात महिनाभर राहिलो. अकरावा मजला. भाजीसुद्धा भ्रमणध्वनीवरून येते. पहारेकरी रोज मला "कोणाकडे?" असे विचारीत असे. येथे मी बाजारातून निघालो, की माझे विद्यार्थी सायकलवरून खाली उतरत. आता त्यांच्याकडे मोटारसायकली आहेत. उतरत नाहीत, पण वेग कमी करतात.

संकल्प : दसऱ्याच्या आत नोकरी मिळविणे. कोणती, ते उद्या ठरवीन.

४ जुलै, गुरुवार

नोकरी मिळाली. जवळजवळ.

विजयसिंहदादा, ज्यांच्यावाचून या तालुक्यात कोणतीही फीत कापली जात नाही, धरणावर जलक्रीडा केंद्र काढीत आहेत. हंसाच्या आकाराच्या, पायाने चालविण्याच्या नौका. शिवाय यांत्रिक नौका. त्यांची दुरुस्ती जाणणारा मनुष्य संपूर्ण बीड जिल्ह्यात नाही. म्हणून तीन महिन्यांचे प्रशिक्षण, आणि अखेरीस सर्वोत्तम प्रशिक्षणार्थ्यास केंद्रात तंत्रज्ञ म्हणून कायम नेमणूक. जागा एक. म्हणजे पुरेशी.

जाहिरातीत किमान वय दिले आहे, कमाल दिलेले नाही. जाहिरातीतील चुका तांबड्या शाईने दुरुस्त करून ती अर्जासोबत जोडली. कार्यालयातील मनुष्याने ती वाचली, अर्ज तत्काळ स्वीकारला आणि मला दारापर्यंत पोहोचविले.

सौ. शांतादेवीला वार्ता सांगितली. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "आवं, धरण कोरडं ठाक पडलंय. नावा काय डांबरीवर चालवायच्या?" मी तिला समजावले, की दुरुस्तीला पाणी लागत नाही, नौका पाण्यात असणे हा दुरुस्तीतील अडथळाच होय. तिने लसणाची फोलपटे बाजूला लोटली. मग म्हणाली, "बरं. डबा लागंल ना?"

स्त्रियांची दृष्टी स्वयंपाकघरापलीकडे जात नाही.

८ जुलै, सोमवार

प्रशिक्षणाचा पहिला दिवस.

स्थळ : बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगची पत्र्याची शेड. तीन हंस जमिनीवर बसले आहेत. रंग पांढरा, चोची नारिंगी, डोळे मोठे आणि आश्चर्यचकित. वापरलेले हंस आहेत. कोणत्या तरी दूरच्या तलावावरून लिलावात आणलेले. प्रत्येकाला तडे.

प्रशिक्षक पेडणेकर मालवणचे आहेत. आयुष्य होड्यांत गेले. त्यांच्या बोलण्यात ओकार फार येतात; मी सहन करण्याचे ठरविले आहे.

प्रशिक्षणार्थी मोजके. त्यांपैकी आष्टीचा गहिनीनाथ, ट्रॅक्टरचा कारागीर, चाळिशीचा, मिशाळ, प्रथमपासूनच माझ्याशी स्पर्धा करतो. मला पाहून म्हणाला, "गुर्जी, तुमी हितं कावून?" मी म्हणालो, "का" म्हणावे. तो म्हणाला, "बरं. का कावून?"

मी हंसाच्या पाठीवरून हात फिरवू लागताच पेडणेकर म्हणाले, "मास्तरानू, हात लावू नकात. तुमी नुसते बघा." इतरांना त्यांनी पॉलिश पेपर देऊन घासावयास बसविले. पहिल्याच दिवशी निरीक्षणाचे काम मजकडे सोपविले जावे, ही अपेक्षा नव्हती.

दुपारी डबा उघडला. धपाटे, दही, लसणाची चटणी. सर्वांनी हात घातला. मला एक धपाटा मिळाला.

१५ जुलै, सोमवार

या नौका लाकडी नसून फायबरग्लासच्या असतात. त्या शब्दास मी "काचतंतू" हा शब्द योजिला आहे. तड्यावर काचतंतूचे कापड ठेवून त्यावर चिकट द्रव लावतात. द्रवात घट्ट करणारे औषध घालतात, ज्याला अडाणी लोक हार्डनर म्हणतात. माझा शब्द : "दृढक".

दृढक किती घालावे, याविषयी पेडणेकरांचे मत "झाकणभर, बस" असे अत्यंत मोघम. हात आखडून केलेले काम टिकत नाही, हा माझा अध्यापनातील अनुभव. ते चहाला गेले असता मी हात सैल सोडला. डबा तापला. मग त्यातून धूर निघाला. मग कुंचला डब्यात उभा राहिला, तो अजून उभा आहे.

दृढक आपले कार्य करते, हे सर्वांसमक्ष सिद्ध झाले. गहिनीनाथ म्हणाला, "गुर्जी, ह्यो डबा आता गोळीबारातबी फुटणार न्हाई." स्पर्धकाकडून आलेली ही कबुली महत्त्वाची.

डबा घरी आणला. लेखणी ठेवावयास उपयुक्त. तथापि मध्ये कुंचला असल्याने लेखणी मावत नाही.

२३ जुलै, मंगळवार

आज नौकेतील गळती शोधण्याची पद्धत शिकलो. इतरत्र नौका पाण्यात ठेवतात आणि पाणी आत कोठून येते ते पाहतात. धरणात पाणीच नसल्याने पेडणेकरांनी उलट केले : टँकर बोलावून नौकेतच पाणी भरले आणि ते बाहेर कोठून येते ते पाहिले. हंस क्रमांक तीन काठोकाठ भरला. गळती पुष्कळ सापडली.

तेवढ्यात मागच्या गल्लीतील वत्सलाबाई घागर घेऊन आल्या. म्हणाल्या, "मास्तर, माणसाला प्यायला न्हाई आन् तुमी बदकाला पाजताव व्हय?" मी म्हणालो, हा हंस आहे. त्या म्हणाल्या, "आसंल. त्याला म्हणा सरक." त्यांच्यामागे सगळी गल्ली होती.

नौकेच्या मागील बाजूस, अगदी तळाशी, एक भोक असते. ते मुद्दाम केलेले असते. नौका काठावर आणली, की आत साठलेले पाणी तेथून सोडून द्यावयाचे आणि पुन्हा पाण्यात नेण्यापूर्वी पितळी बूच फिरवून ते बंद करावयाचे. पेडणेकरांनी बूच काढले आणि हंसाने माजलगावच्या गल्लीला पाणी पाजले. एक घागर झाली, की दुसरी येईपर्यंत बूच लावावयाचे. हे काम माझ्याकडे आले. मी ते अविरत केले. एकदाच बूच उलटे लावले.

शेवटी पेडणेकरांनी ते बूच माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, "मास्तरानू, ह्या तुमच्याकडे. बाकी कशाक हात लावू नकात. ह्या तेवढा सांभाळा."

इतर कोणासही काहीही सोपविलेले नाही. गहिनीनाथालाही नाही. मी माझ्या पदास "जलनिर्गमनियंत्रक" असे नाव योजिले आहे. बूच सदऱ्याच्या खिशात ठेवीन. चिंच लावून घासले, सोन्यासारखे निघाले.

५ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

उपवास. डबा नाही. पेडणेकर शेडच्या दाराशी उभे होते. "डबो हाडलात नाय?" एवढेच म्हणाले, आणि दिवसभर शिकविण्यात त्यांचे लक्ष नव्हते. माझे तेज उपवासाने मंदावल्याचा हा परिणाम असावा.

९ ऑगस्ट, शुक्रवार

स्वतः विजयसिंहदादा पाहणीस आले. पांढरा शुभ्र पोशाख, पांढरे बूट. आम्ही जेवावयास बसलो होतो. मी हंसाच्या चोचीला रंग दिला होता, त्याकडे त्यांचे लक्ष वेधले. ते जवळ बसले. एक धपाटा घेतला. दुसरा घेतला. मग म्हणाले, "गुरुजी, हे कोणी केलं?" मी म्हणालो, मीच, दोन हात द्यावे लागले. त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिले आणि धपाट्याकडे बोट केले. मी म्हणालो, ते होय, ते घरून येतात. "रोज?" मी म्हणालो, रोज. "एवढ्या माणसांचं?" मी म्हणालो, एवढ्या माणसांचे.

एवढ्या धावपळीतही मोठी माणसे मनुष्याच्या सातत्याची नोंद घेतात. चोचीविषयी त्यांनी काही काढले नाही. मनात ठेवले असणार.

सौ.ला सांगितले. तिने विचारले, "चटणीला काय म्हणले?" मी म्हणालो, असल्या क्षुल्लक गोष्टींकडे माझे लक्ष नव्हते.

२१ ऑगस्ट, बुधवार

आज यांत्रिक नौकेचे इंजिन. पाण्याच्या पिंपात उभे करून दोरी खेचून सुरू करतात. गहिनीनाथाने एकदा खेचली, झाले. मी खेचली. दोरी आली, इंजिन आले नाही. पुन्हा. खांद्यात कळ. इंजिन मूलतः दोषयुक्त आहे, हे माझे मत पेडणेकरांनी अंशतः मान्य केले : ते म्हणाले, "आसात, आसात."

खांदा शेकत आहे. सौ. म्हणाली, "पोराला म्हणावं, दसऱ्याला अप्पा न्ह्यायचे का निस्ता खांदा?" तिच्या विनोदामागे पुण्याची ओढ दिसते. बिचारी बोलून दाखवीत नाही. अकराव्या मजल्यावर तिला बरे वाटेल. सून प्रणिता तिची काळजी घेते. तरीही माझ्यासाठी ती येथे कष्ट सोसत आहे. रोज पहाटे उठून एवढे पीठ मळावयाचे, आणि तेही केवळ माझ्या डब्यासाठी. नेमणूक झाली, की तिला लुगडे घेईन.

५ सप्टेंबर, गुरुवार

चार दिवसांच्या पावसाने धरणात पाणी आले. लोक भिंतीवर उभे राहून पाहत आहेत, जणू कोणाच्या घरी पाहुणा आला आहे. पेडणेकर प्रथमच हसले.

आज शिक्षक दिन. गहिनीनाथाने मला नारळ दिला आणि वाकून नमस्कार केला. "गुर्जी, तुमच्याकडून लई शिकलो," म्हणाला. मी विचारले, काय? तो विचार करू लागला. अजून सांगितलेले नाही.

पाण्यावर पहिली फेरी. मला पोहता येत नाही, ही गोष्ट मी आजपर्यंत उल्लेखिली नव्हती. प्रसंग आला नव्हता. तरंगणारा नारिंगी अंगरखा घातला. तो घालून धोतर सावरता येत नाही. नौकेत बसण्यापूर्वी मी बूच स्वहस्ते बसविले, पेडणेकरांनी पुन्हा बसविले. थेंबभर पाणी आत आले नाही.

संकल्प : पोहावयास शिकणे. थंडी संपल्यावर.

२६ सप्टेंबर, गुरुवार

निवडणुकीची आचारसंहिता केव्हाही लागेल, म्हणून विजयसिंहदादांना त्यापूर्वी उद्घाटन उरकावयाचे आहे. मुहूर्त : दसरा. त्याच दिवशी तंत्रज्ञाच्या नेमणुकीची घोषणा. हा योगायोग मानण्याइतका मी भाबडा नाही.

बसवेश्वरास कळविले. तो म्हणाला, "बरं झालं अप्पा, आम्ही मोठी गाडी घेऊनच येतो. सामान बसेल." मी म्हणालो, गाडी मोकळीच न्यावी लागेल. तो म्हणाला, बघू.

दादांचा मनुष्य आज घरी येऊन सौ.शी बोलून गेला. मी नव्हतो. विचारले, तर म्हणाली, "उद्घाटनाला लोकं किती येतील, ते सांगाया आलता." ते तिला कशाला सांगावयाचे? मला निरोप द्यावयाचा असणार, तिच्याकडून राहिला.

३ ऑक्टोबर, गुरुवार. घटस्थापना.

प्रत्येकास एक नौका. हंस क्रमांक तीन मला. त्यातूनच दादा उद्घाटनाची फेरी मारणार आहेत, आणि त्यांच्या शेजारच्या आसनावर मी. पेडणेकरांनी या योजनेस विरोध केला असे ऐकतो, पण दादा म्हणाले, "गुरुजी बसू द्या, फोटो चांगला येतो." हा न्याय.

तड्यांची दुरुस्ती माझ्या देखरेखीखाली पूर्ण झाली. चिकट द्रव गहिनीनाथाने लावला, रोलर त्याने फिरविला, दृढक त्याने घातले. मी बारकाईने पाहत होतो. एके ठिकाणी बुडबुडा राहिला होता, तो दाखविला. तो बुडबुडा नव्हता, माशी होती. तरीही दाखविणे आवश्यक होते.

११ ऑक्टोबर, शुक्रवार. खंडेनवमी.

आज एक मोठा प्रमाद टाळला.

पेडणेकर सकाळी म्हणाले, "आज तीनही होड्यो पाण्यात सोडून शेवटची तपासणी करूया." मी त्यांना थांबविले. आज खंडेनवमी. आमच्या मुलखात आज हत्यारांची पूजा होते. पूजलेल्या हत्यारास कोणी हात लावीत नाही. ना शेतकरी, ना सुतार, ना गिरणीवाला. आजच्या दिवशी पाना फिरविणारा तंत्रज्ञ कसला? पेडणेकर म्हणाले, "मालवणात पण पूजा करतत. आदी काम, मग पूजा." मी म्हणालो, तो मालवणचा प्रश्न. गहिनीनाथ म्हणाला, "गुर्जी म्हंत्यात ते बराबर हाय," आणि लगेच हात धुतले. सर्वांनी धुतले. माझ्या शब्दाचे वजन पेडणेकरांनी प्रथमच पाहिले. ते बाहेर जाऊन विडी ओढीत बसले.

पूजा मी मांडली. पांढरे वस्त्र अंथरले. पाने, हातोड्या, रोलर, घासण्याचे यंत्र, सर्व स्वच्छ पुसून ओळीने. हळदकुंकू, उसाची कांडी, झेंडू. परंतु मध्यभाग रिता वाटत होता. तेथे काहीतरी तेजस्वी हवे होते. मी खिशातून बूच काढले. चिंचेने घासल्यामुळे असे झळकले, की गहिनीनाथही वाकून पाहू लागला. हळद वाहिली. त्यावर टपोरे झेंडूचे फूल ठेवले. फुलाखाली बूच दिसेनासे झाले. पण शोभा जाणवत होती.

उद्या सायंकाळी आपट्याचे सोने वाटून झाले, की पूजा हलवावयाची. तोपर्यंत कोणीही कशासही हात लावू नये, असे मी पेडणेकरांना बजावले. तीन महिने हे वाक्य त्यांनी मला ऐकविले. आज मी त्यांना ऐकविले. शेडला कुलूप घातले. किल्ली माझ्या करदोट्याला.

बसवेश्वर आणि प्रणिता सायंकाळी आले. गाडी खरोखरच मोठी आहे.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा. सकाळी सात.

स्नान, पूजा, भस्म. नवे धोतर. खिसा हलका वाटतो, मनही.

नेमणूक स्वीकारताना करावयाचे भाषण पाठ आहे. बसवेश्वरास समोरच बसविणार आहे.

त्याच दिवशी, सायंकाळी

घडले ते क्रमाने लिहितो.

मांडव, फीत, बँडबाजा. हंस काल शेडला कुलूप घालण्यापूर्वीच धरणाच्या काठी नेऊन ठेवले होते. पेडणेकर यांत्रिक नौकेच्या गडबडीत होते, तेथूनच त्यांनी मला विचारले, "मास्तरानू, बूच?" मी म्हणालो, बुचाची काळजी नको, ते अत्यंत सुरक्षित स्थळी आहे. हे वाक्य अक्षरशः खरे होते.

दादांनी फीत कापली. आम्ही दोघे हंस क्रमांक तीनमध्ये बसलो. गहिनीनाथाने ढकलले. टाळ्या. आम्ही पाय मारू लागलो. काठावर बसवेश्वर दिसत होता. प्रणिता चित्रीकरण करीत होती. मी हात हलविला. तो क्षण चांगला होता. तो क्षण नोंदवून ठेवतो.

थोड्या वेळाने दादा म्हणाले, "गुरुजी, पाय भिजायलेत." मी म्हणालो, नौकाविहारात पाय भिजणे स्वाभाविक आहे. ते म्हणाले, "गुरुजी, घोटा भिजायलाय." मी म्हणालो, आपण वेगाने जात असल्याने तुषार उडत असतील. ते म्हणाले, "गुरुजी, आपण थांबलोय."

तेव्हा काठावरून पेडणेकरांची आरोळी आली. एकच शब्द होता. मी खिशात हात घातला. रुमाल होता.

मला ते फूल आठवले.

येथे एक गोष्ट न्यायाने नोंदविली पाहिजे. सकाळी आठवले असते, तरीही मी काही करू शकलो नसतो. पूजेतील वस्तू सायंकाळपूर्वी उचलता येत नाही. तेव्हा दोष असेल तर मुहूर्ताचा. उद्घाटन सोने वाटल्यानंतर ठेवावयास हवे होते.

पाणी छातीपर्यंत होते, अंगरखे होते. कोणास काही झाले नाही. दादांचे पांढरे बूट मात्र तळाशी राहिले. हंस सावकाश बसला. त्याचा चेहरा शेवटपर्यंत पाण्यावर होता, आणि त्याच्या डोळ्यांतील आश्चर्य मला प्रथमच सार्थ वाटले.

बसवेश्वर विजारीसकट पाण्यात उतरला आणि मला धरून काठावर आणले. त्याला पोहावयास मी शिकविणार होतो. शेवटी दुसऱ्या कोणी शिकविले. त्याने माझे डोके पंच्याने पुसले. रागावला नाही. रागावला असता, तर वाद घालता आला असता. एवढेच म्हणाला, "अप्पा, उद्या सकाळी निघू."

गहिनीनाथाने मला आपट्याचे पान दिले आणि म्हणाला, "गुर्जी, सीमोल्लंघन लई खोल झालं." मग त्याच्या नेमणुकीची घोषणा झाली. टाळ्या वाजविल्या. हात ओले होते. आवाज आला नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार. सकाळ.

सामान भरले. शब्दकोश, खडावा, दोन धोतरे, कुंचल्याचा डबा. शेडची किल्ली पेडणेकरांकडे पाठविली. घराकडे एकदा पाहिले. पुण्यात पहारेकऱ्यास माझे पूर्ण नाव एकदाच स्पष्ट सांगणार आहे.

सौ. ने काहीही भरलेले नाही. ती ज्वारीचे पीठ चाळत आहे. धक्का बसला असणार.

त्याच दिवशी, दुपार

धक्का मला बसला.

बसवेश्वर म्हणाला, "आई, तुझी बॅग?" ती चाळण न थांबविता म्हणाली, "मी न्हाई येत. मी दादांला शब्द दिलाय. धरणावरचं क्यान्टीन मी घेतलंय. पाडव्याला सुरू करायचंय."

 मी म्हणालो, कोणते कँटीन? केव्हा ठरले? ती म्हणाली, "श्रावणातच दादांनी विचारलं. म्या म्हणलं, दसऱ्यापर्यंत थांबा, आमच्या मालकाचं काय हुतंय बघू. त्यांचं झालं तर बरंच. न्हाई झालं, तर आपलं हाय."

मी म्हणालो, पण तू तर पुण्यास जावयास उत्सुक होतीस. तिने माझ्याकडे पाहिले. "कवा म्हणले? तिथं ज्वारीचं पीठ पुड्यात मिळतंय. शेजारीण दार उघडीत न्हाई. मी अकरा मजल्यावरून कुणाला हाक मारू?" आणि मग, "आवं, इतके धपाटे काय तुमच्या एकट्यासाठी करत हुते व्हय? एवढे खाताव का तुमी?"

मला रोज एक मिळत होता. हे मी तिला सांगितले नाही.

बसवेश्वर खाली बसला आणि हसू लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. प्रणिताही. शेवटी तो म्हणाला, "मग अप्पांचं काय?" सौ. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की. लागतंय एक माणूस." गाडी मोकळीच गेली. हे मी सप्टेंबरात सांगितले होते.

सारांश : आम्ही राहत आहोत. एकट्या स्त्रीवर एवढा व्यवसाय टाकून जाणे मला प्रशस्त वाटले नसते. सामान सायंकाळी उघडीन.

२ नोव्हेंबर, शनिवार. पाडवा. सकाळी नऊ.

उपाहारगृहाचा पहिला दिवस. धरणाकाठी पत्र्याची खोली, बाहेर बाकडी. समोर हंस क्रमांक तीन कायमचा जमिनीवर ठेवला आहे. लोक त्यात बसून छायाचित्रे काढतात. पाण्याशी आता त्याचा संबंध नाही. तो प्रसन्न दिसतो.

पेडणेकर काल मालवणास गेले. जाताना सौ.च्या पाया पडले आणि वाटेसाठी धपाटे बांधून घेतले. हंसाचे बूच तिला देऊन गेले. मला का दिले नाही, हे विचारण्याइतका वेळ नव्हता.

भांडी धुण्याच्या टाकीला तळाशी भोक आहे. सौ. ने मला ते बूच दिले आणि म्हणाली, "एवढं तुमचं."

चिंच लावून घासले. बसविले. गळत नाही.

सकाळी साडेअकरा

गर्दी उत्तम. माझे विद्यार्थी पुष्कळ आले. मोटारसायकली येथे थांबवाव्याच लागतात; सर्वजण खाली उतरतात.

दुपारी चार

किंचित गळते. माझे मत असे, की टाकी मूलतः दोषयुक्त आहे. पाना आणावयास निघालो होतो. गहिनीनाथ धावत येत होता, त्याला सौ. ने हाताने थांबविले आणि टाकीखाली बादली सरकविली. मग मला म्हणाली, "आवं, ऱ्हाऊ द्या. हात लावू नका. तुमी हितं बसा आन् निस्तं बघा."

बघत आहे.